‘स्टे पुट’ : हलू नका की जागचे हलू नका?

प्रश्न असा आला आहे. रानात किंवा डोंगरात वाट चुकलेल्या मुलांनी काय करावं, हे सांगणाऱ्या एका इंग्रजी पत्रकाचं मराठी करायचं आहे. त्यात ‘इफ यू आर लॉस्ट, स्टे पुट अँड मेक नॉइज’ अशी ओळ आहे. शब्दकोशात ‘पुट’ म्हणजे ठेवणे, मग ‘राहा ठेवा’ याचा अर्थ काय लावायचा? ‘स्तब्ध राहा’ असं लिहिलं तर चालेल का? आणि ‘तो तिथेच थांबतो’ असं इंग्रजीत म्हणताना ‘स’चा प्रत्यय ‘स्टे’ला लावायचा की ‘पुट’ला?

मी बरीच वर्षं सूचनापत्रकं आणि माहितीपुस्तिका मराठीत आणण्याचं काम करते. हा एवढासा वाक्प्रचार त्या कामात पुन्हा पुन्हा भेटतो आणि दर वेळी थोडा वेळ मागतो. म्हणून उत्तर जरा लांब होईल.

थेट उत्तर आधी देते. ‘स्टे पुट’ म्हणजे जिथे आहात तिथेच राहा, ती जागा सोडू नका. हात हलवा, बोला, खाली बसा, उभे राहा, सगळं चालतं. फक्त ठिकाण बदलायचं नाही. ‘स्तब्ध राहा’ चालणार नाही. तुमच्या पत्रकात तर ते घातक ठरेल, कारण स्तब्ध राहायचं आणि मोठ्याने आवाजही करायचा, हे एकाच वेळी मुलाने कसं करायचं? मूल दोन्हींपैकी एकच ऐकेल, आणि बहुतेक पहिलंच ऐकेल.

आता त्या ‘पुट’कडे वळू. गोंधळ होतो तो ‘पुट’ला आज्ञा समजल्यामुळे. इथे आज्ञा फक्त ‘स्टे’ची आहे. ‘पुट’ हे धातुसाधित विशेषण आहे, म्हणजे ‘ठेवलेला’. इंग्रजीत या क्रियापदाची तिन्ही रूपं अगदी सारखी दिसतात, त्यामुळे ते कुठलं रूप आहे हे चेहऱ्यावरून कळत नाही. ‘स्टे सीटेड’ घ्या : बसलेले राहा. ‘स्टे ट्यून्ड’ घ्या : जुळवलेलं केंद्र तसंच लावून ठेवा. त्याच साच्यात ‘स्टे पुट’ बसवा आणि शब्दशः अर्थ निघतो ‘ठेवलेले राहा’. आणि हे तर आपण मराठीत रोज म्हणतो! ‘या घरात एक वस्तू ठेवल्या जागी राहील तर शपथ.’ हे वाक्य इंग्रजीत न्यायचं झालं तर ‘स्टे पुट’ इतकं चपखल दुसरं काही नाही.

हे एकदा लक्षात आलं की प्रत्ययाचा प्रश्न आपोआप सुटतो. काळ, पुरुष, वचन यांचा सगळा भार ‘स्टे’ उचलतो. भूतकाळात ‘स्टेड पुट’, चालू काळात ‘स्टेइंग पुट’, आणि ‘तो थांबतो’ म्हणताना ‘स’ लागतो तो ‘स्टे’लाच. ‘पुट’ला काहीही चिकटत नाही, तो खरोखरच ठेवल्या जागी राहतो. कर्मही घेता येत नाही. मुलाला तिथेच थांबवून ठेवायचं असेल तर ‘स्टे’ बाजूला ठेवून ‘कीप’ किंवा ‘लीव्ह’ वापरावं लागतं.

उच्चाराबद्दल एकच गोष्ट : हा ‘पुट’ ‘फुट’शी यमक जुळवतो, ‘कट’शी नाही. गोल्फमधला चेंडू हळूच खड्ड्याकडे ढकलण्याचा जो ‘पट’ आहे, तो याच शब्दाचा भाऊ. दोघांचा मूळ अर्थ ढकलणे, रेटणे असा होता. शॉटपुटमध्ये तो जुना अर्थ अजून टिकून आहे. आपण त्याला गोळाफेक म्हणतो खरं, पण नियमानुसार गोळा फेकायचा नसतो, मानेजवळ धरून खांद्यातून पुढे रेटायचा असतो. रेटण्यावरून एखाद्या जागी नेऊन बसवणं, आणि तिथून नुसतं ठेवणं, असा या शब्दाचा प्रवास झाला. ‘स्टे पुट’ ही जोडी त्यामानाने नवी आहे. ती अमेरिकन बोलीतून आली आणि १९व्या शतकाच्या मध्याच्या सुमारास छापील मजकुरात दिसू लागली.

हा व्युत्पत्तीचा तपशील मी हौसेखातर सांगत नाहीये. ‘ठेवलेला’ म्हटलं की ठेवणारा कुणीतरी आलाच. पुष्कळदा या वाक्प्रचारात तो न दिसणारा माणूस उभा असतो. तुम्हाला कुणी इथे ठेवलंय, किंवा तुम्ही कुठे आहात हे कुणाला माहीत आहे, किंवा कुणी तुमच्यापर्यंत यायला निघालं आहे. तुम्ही हललात तर त्याचा हिशेब चुकेल. शिवाय, ज्याला हलायचंच नाही त्याला कुणी ‘स्टे पुट’ म्हणत नाही. समोरच्याचे पाय शिवशिवत असतात, उठून निघावंसं वाटत असतं, तेव्हाच हा शब्द येतो. ‘वेट हिअर’मध्ये नुसता वेळ काढायचा असतो. ‘स्टे पुट’मध्ये निघण्याची इच्छा आवरायची असते.

कायद्याच्या भाषेत हा ‘ठेवणारा’ फार स्पष्ट दिसतो. अमेरिकेत विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यात एक तरतूद आहे, तिला वकील आणि पालक सर्रास ‘स्टे पुट’ म्हणतात. मुलाच्या शिक्षणाच्या व्यवस्थेवरून शाळा आणि पालक यांच्यात वाद सुरू झाला, तर तो मिटेपर्यंत मुलाला आहे त्याच व्यवस्थेत ठेवायचं. १९८८ साली होनिग विरुद्ध डो या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद उचलून धरली. मूल धोकादायक वागतं असं म्हणून शाळेला परस्पर त्याला बाहेर काढता येणार नाही, असं सांगितलं. याचं मराठी करताना काही जण ‘स्थगिती’ लिहितात. ‘स्टे’ दिसला की कोर्टाची स्थगिती आठवते, त्यातून हे होतं. पण इथे थांबवलेलं काही नाही, उलट चालू आहे ते चालू ठेवलेलं आहे. आपल्याकडे त्याला तयार शब्द आहे : ‘जैसे थे’.

इंग्लंडमध्ये २०१४ च्या मुलं आणि कुटुंबं यांच्याविषयीच्या कायद्याने आणखी एक सोय केली, तिचं नावच ‘स्टेइंग पुट’. सरकारी देखभालीतली जी मुलं पालक-कुटुंबात, म्हणजे सांभाळण्यासाठी सोपवलेल्या दुसऱ्या कुटुंबात वाढतात, ती १८ वर्षांची झाली की पूर्वी बहुधा तिथून निघावं लागे. आता दोन्ही बाजू राजी असतील तर २१ वर्षांपर्यंत ती त्याच घरात राहू शकतात आणि त्यासाठी स्थानिक प्रशासनाने मदत करायची असते. ‘ठेवलेलं मूल ठेवल्या घरी राहतं’ हा शब्दाचा मूळ अर्थ इथे किती हळवा होतो पाहा. मला हे नाव फार आवडतं. मराठीत मी त्याला ‘त्याच घरी मुक्काम’ म्हणेन. ‘निश्चल राहणे’ म्हणण्याचा विचारही मनात येणार नाही.

मग मराठीत चूक होते ती का? माझ्या मते दोष आपल्या ‘हलणे’ या क्रियापदाच्या श्रीमंतीत आहे. ‘पान हलतंय’ म्हणजे जागच्या जागी हालचाल. ‘पाहुणे काही हलेनात’ म्हणजे मुक्काम सोडेनात. एकच क्रियापद दोन्ही कामं करतं. त्यामुळे ‘हलू नका’ लिहिलं की वाचणारा त्याला हवा तो अर्थ घेतो, आणि घाबरलेला माणूस नेहमी टोकाचा अर्थ घेतो.

हे मी एका पत्रकावर शिकले. एका कारखान्याच्या आसपास राहणाऱ्या लोकांसाठी, वायुगळती झाली तर काय करायचं याच्या सूचना होत्या. इंग्रजी मजकूर साधा होता : भोंगा ऐकू आला की ‘स्टे पुट’, खिडक्या-दारं बंद करा, पंखे बंद करा, फटींना ओली फडकी लावा. मी पहिल्या ओळीचं ‘अजिबात हालचाल करू नका’ असं करून मोकळी झाले. छापण्याआधी पत्रक दोन-तीन कुटुंबांना वाचायला दिलं होतं, हे नशीब. एका आजीबाईंनी पहिली ओळ बोट ठेवून वाचली, मग दुसरी वाचली, आणि शांतपणे विचारलं, “अगं, हालचाल करायची नाही तर खिडकी लावायची कुणी?” त्यांनी बोट पहिल्या ओळीवरून काढलंच नाही. मी तिथेच पेन काढून ‘घराबाहेर पडू नका’ असं लिहिलं. आजही सूचनांचं भाषांतर हातावेगळं करण्यापूर्वी मी प्रत्येक ओळ तिच्या पुढच्या ओळीसमोर धरून पाहते : पहिली तंतोतंत पाळली तर दुसरी पाळता येते का?

‘हलू नका’चा उपाय मात्र मराठीतच आहे, आणि तो एका शब्दाचा आहे : ‘जागचा’. ‘हलू नकोस’ म्हणजे अंग हलवू नकोस. ‘जागचा हलू नकोस’ म्हणजे जागा सोडू नकोस. ‘जागचा, जागची, जागचे’ असा तो माणसाप्रमाणे बदलतो, आज्ञेत ताकद आणतो, आणि लहान मुलालाही कळतो. ‘स्टे पुट’ला याहून जवळचा मराठी जोडीदार मला सापडलेला नाही. ‘ठाण मांडून बसणे’ जवळ येतं, पण त्यात हट्टाची छटा आहे. कुणी उठवायला आलं तरी उठणार नाही, असा पवित्रा आहे. एखादा अधिकारी राजीनाम्याची मागणी होऊनही खुर्ची सोडत नाही, अशा बातमीतल्या ‘स्टे पुट’ला ते छान बसेल. संकटातल्या सूचनेत नको. ‘तळ ठोकणे’ला मुदत लांब लागते. ‘खिळून राहणे’ भीतीने किंवा आश्चर्याने होतं, ठरवून नाही. आणि ‘अडकून पडणे’ तर अगदी उलट : तिथे निघता येत नसतं, ‘स्टे पुट’मध्ये निघता येत असूनही निघायचं नसतं.

अंग स्थिर ठेवायला सांगणारे इंग्रजी प्रयोग वेगळे आहेत आणि ते ‘स्टे पुट’च्या जागी टाकता येत नाहीत. सुई टोचताना, क्ष-किरण काढताना, केस कापताना म्हणतात ‘होल्ड स्टिल’. त्याला ‘हलू नका’ अगदी योग्य. खुर्चीत वळवळणाऱ्या मुलाला ‘सिट स्टिल’, म्हणजे ‘चुळबुळ करू नकोस’. ‘स्टँड स्टिल’ म्हणजे स्तब्ध उभे राहा. इथे ‘स्टिल’ची जागा सांभाळायची. तो क्रियापदाच्या नंतर आला तर ‘स्तब्ध’, आधी आला तर बहुधा ‘अजून’. ‘ही इज स्टिल स्टँडिंग’ म्हणजे तो अजून उभा आहे, ‘ही इज स्टँडिंग स्टिल’ म्हणजे तो न हलता उभा आहे. दोन्ही अर्थ एकाच मुळातून आलेत : जे हललं नाही ते तसंच राहिलं, आणि जे तसंच राहिलं ते अजूनही आहे.

सगळ्यात टोकाचा शब्द ‘फ्रीझ’. शस्त्र रोखून म्हटला जातो तेव्हा त्याचा अर्थ आहेस त्या क्षणी, आहेस त्या स्थितीत गोठून जा. पाऊल उचललेलं असेल तर तेही पुढे टाकू नकोस. १९९२ साली अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात बॅटन रूज इथे १६ वर्षांचा एक जपानी विद्यार्थी मेजवानीचं घर शोधता शोधता चुकून दुसऱ्याच्या दाराशी गेला. घरमालकाने बंदूक रोखून ‘फ्रीझ’ म्हटलं. मुलगा थांबला नाही आणि गोळी लागून मरण पावला. त्याला तो शब्द कळलाच नसावा, यावर जपानमध्ये पुढे खूप चर्चा झाली. शब्दकोशात ‘फ्रीझ’चा पहिला अर्थ गोठणे, बर्फ होणे असाच सापडतो. दारात उभ्या मुलाला तो अर्थ काय कामाचा? इंग्रजी शिकवणाऱ्या प्रत्येकाने हा शब्द पाठ्यपुस्तकाची वाट न पाहता शिकवावा, असं मला मनापासून वाटतं.

‘सिट टाइट’ची गोष्ट आणखी निराळी. इथे ‘टाइट’ म्हणजे घट्ट, पक्कं. ‘घट्ट बसून राहा’ असं भाषांतर मी अनेकदा पाहिलंय आणि ते वाचून काहीच कळत नाही. या प्रयोगात बसणं महत्त्वाचं नाही, उभा माणूसही ‘सिट टाइट’ करू शकतो. महत्त्वाचा आहे धीर. घाईने काही करू नका, निर्णय बदलू नका, परिस्थिती पालटेपर्यंत कळ काढा. बाजार कोसळतो तेव्हा गुंतवणूकदारांना हाच सल्ला मिळतो आणि तिथे जागेचा काही संबंधच नसतो. मराठीत ‘दम धरा’. दोन अक्षरी ‘दम’ आणि दोन अक्षरी ‘धरा’, तोलही तसाच. अमेरिकेत बोलताना ‘हँग टाइट’ही म्हणतात, अर्थ तोच. पण ‘होल्ड टाइट’ आला तर सावध व्हा : तिथे खरोखरच काहीतरी घट्ट धरायचं असतं.

आता ‘स्टे पुट’ची एक गंभीर बाजू, जी टाळून हे उत्तर पुरं होणार नाही. ब्रिटनमध्ये उंच निवासी इमारतींच्या अग्निसुरक्षेत ‘स्टे पुट’ नावाचं धोरण आहे. प्रत्येक सदनिकेच्या भिंती आणि दारं आग ठरावीक वेळ रोखून धरतील अशी बांधायची. एका घरात आग लागली तर ती तिथेच विझवली जाईल. म्हणून बाकीच्यांनी आपापल्या घरात थांबायचं, एकाच जिन्यात गर्दी करायची नाही. बांधकाम ठीक असेल तर हा सल्ला योग्य आहे आणि त्याने माणसं वाचतातही. १४ जून २०१७ च्या पहाटे लंडनमधल्या २४ मजली ग्रेनफेल टॉवरमध्ये चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात आग लागली. पहिला फोन १२ वाजून ५४ मिनिटांनी गेला. इमारतीवर बाहेरून लावलेलं आच्छादन ज्वलनशील होतं, आग त्यावरून झपाट्याने वर चढली. फोन करणाऱ्या रहिवाशांना मात्र बराच वेळ ‘स्टे पुट’ सांगितलं जात होतं. तो सल्ला अधिकृतपणे मागे घेतला गेला तेव्हा २ वाजून ४७ मिनिटं झाली होती. ७२ माणसं गेली. चौकशीच्या २०१९ मधल्या पहिल्या अहवालात म्हटलं आहे की १ वाजून ३० ते १ वाजून ५० मिनिटांच्या दरम्यानच इमारत रिकामी करण्याचा निर्णय घेता आला असता आणि घ्यायला हवा होता.

मी हे इथे का सांगते आहे? वर म्हटलं की या शब्दात एक न दिसणारा माणूस असतो, जो तुम्हाला ठेवतो आणि तुमच्याकडे येणार असतो. ‘स्टे पुट’ सांगणारा एक वचन देत असतो : तू आहेस ती जागा सुरक्षित आहे आणि मी तिथवर पोचेन. म्हणून कुठल्याही सूचनेत हा प्रयोग दिसला की मी मूळ मजकुरात ‘कधीपर्यंत’ आणि ‘कशावरून’ शोधते. सापडलं तर ते मराठीत त्याच वाक्यात आणते : ‘सूचना मिळेपर्यंत’, ‘धूर घरात येत नसेल तर’. सापडलं नाही तर ज्यांचं पत्रक आहे त्यांना विचारते. इंग्रजीत अर्धं वाक्य खपून जातं, कारण तिथल्या वाचकाला पुढचं अर्धं ठाऊक असतं. आपल्या वाचकाला ते लिहूनच द्यावं लागतं.

बातम्यांतला वापर सोपा आहे. व्याजदर ‘स्टे पुट’ असतात तेव्हा ‘जैसे थे’, खेळाडू संघ बदलत नाही तेव्हा ‘संघात कायम’, न पडणारा केसांचा आकडा किंवा न सरकणारं झाकण असेल तेव्हा ‘जागेवर राहणं’. बोलण्यात, बातमीत, सूचनेत सगळीकडे तो चालतो. फार औपचारिक पत्रात मात्र ‘रिमेन इन प्लेस’सारखं काही बरं दिसतं.

आपल्या इंग्रजीतल्या दोन सवयींमुळे घोटाळे होतात, ते सांगून ठेवते. ‘व्हेअर आर यू पुट अप?’ असं आपण मुक्काम कुठे आहे या अर्थी विचारतो. ‘स्टे’ही मुक्कामाचा आणि ‘पुट’ही मुक्कामाचा, म्हणून काही जण ‘आय ॲम स्टेइंग पुट ॲट माय अंकल्स प्लेस’ म्हणतात आणि त्यांना सांगायचं असतं की काकांकडे उतरलोय. ऐकणाऱ्याला मात्र वाटतं की काकांचं घर सोडायला यांनी नकार दिलाय. दुसरी सवय ‘स्टे बॅक’ची. सगळे गेल्यावर मागे थांबणं, या अर्थी आपण तो सहज वापरतो. पण धोक्याच्या जागी कुणी ‘स्टे बॅक!’ ओरडलं तर त्याचा अर्थ थांबा असा नाही, मागे सरा, दूर राहा असा आहे. ‘स्टे पुट’ आणि ‘स्टे बॅक’ तिथे परस्परविरोधी आज्ञा आहेत.

आता तुमची ओळ. वाट चुकलेल्या मुलांना एका जागी थांबायला शिकवणारा ‘हग अ ट्री’, म्हणजे झाडाला मिठी मार, हा उपक्रम अमेरिकेत सॅन डिएगो भागात १९८१ साली सुरू झाला. तिथल्या पालोमार डोंगरात नऊ वर्षांचा एक मुलगा हरवला आणि तो वेळेत सापडला नाही, त्यानंतर. त्यातली कल्पना मुलाच्या मनाचा पूर्ण विचार करते. नुसतं ‘थांब’ म्हटलं तर घाबरलेलं मूल थांबत नाही. पण एक झाड धर, त्याला आपलं मान, त्याच्यापाशी राहा, असं म्हटलं की पायांना थांबायला कारण मिळतं. शोधणाऱ्यांनाही एकाच जागी असलेलं मूल शोधणं सोपं जातं. चालत राहिलेलं मूल आधी पाहून झालेल्या भागातही परत जाऊ शकतं.

म्हणून मी ‘स्तब्ध’, ‘निश्चल’, ‘स्थिर’ हे तिन्ही शब्द खोडेन. मुलगा-मुलगी दोघांनाही लागू पडावं म्हणून ‘जागचा’ऐवजी ‘जागचं’ घेईन आणि ‘नकोस’ऐवजी आईच्या तोंडचं ‘नाही’. ठेवणारा माणूस इंग्रजीत लपलेला आहे, त्याला मराठीत पुढे आणेन. माझी ओळ अशी होईल : ‘वाट चुकली असं वाटलं की जागचं हलायचं नाही. जवळच्या झाडापाशी थांबायचं आणि मोठमोठ्याने हाका मारत राहायच्या. आम्ही तुला शोधत तिथेच येतोय.’